मदत हवी आहे: डोळ्याच्या नसेला सूज, एमएस म्हणतात. वजनाचा काय संबंध? (तातडीचं)

सीवूड्सचा_पाहुणा
लवकर उत्तर द्या, शुक्रवारी परत दाखवायचंय. बायकोच्या डोळ्याच्या नसेला सूज आली. एमआरआय झाला, मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मणक्याच्या नसांवर उलटते) असू शकतं म्हणाले. पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉईड दिलं, आता गोळ्या कमी करत आणतायत. निघताना न्यूरो एवढंच म्हणाले, "वजन आटोक्यात आणा, हार्मोन्सचाही भाग असतो." आणि पुढच्या पेशंटला हाक. तेव्हापासून आई म्हणते वजनानेच झालं, सासूबाई म्हणतात पीसीओडीच्या गोळ्यांनी झालं. आमची ही दोघींचं ऐकते आणि आत जाऊन रडते. प्रश्न एकच: वजनामुळे हे होतं का, आणि वजन उतरवलं तर जाईल का? नेरूळ-वाशीकडे चांगला डाएटवाला असेल तर सांगा.

नौपाडेकर
वय? वजन? एक डोळा की दोन्ही? एमआरआय डोक्याचाच की मणक्याचाही? पाठीतलं पाणी तपासलं का? अहो, यातलं काहीच न सांगता "लवकर उत्तर द्या" म्हणजे उत्तर द्यायचं कशाला?

घोडबंदरचा_भाऊ
गहू बंद करा, लगेच. मी चार महिन्यांत १४ किलो उतरवलं. सकाळी हळद-मिरीचं पाणी. सगळी सूज पोटातून सुरू होते.

नौपाडेकर
भाऊ, तुम्हाला एमएस होतं का?

घोडबंदरचा_भाऊ
नाही, गुडघे.

सीवूड्सचा_पाहुणा
वय ३१. उंची ५ फूट २. वजन ७८, आधी ६४ होतं. एमआरआय डोक्याचा. पाण्याचं माहीत नाही, मी ऑफिसला होतो.

खारघरचा_चष्मेवाला
थांबा. तरुण बाई, वाढलेलं वजन, डोळ्याच्या नसेला सूज, हे ऐकलं की मला आधी कवटीतला दाब आठवतो. माझ्या मेहुणीला तेच निघालं. तो आजार वेगळा, एमएस नव्हे, आणि त्यात वजन उतरवणं हा खरोखरच उपचाराचा भाग असतो. डोकं दुखतं का, आडवं झाल्यावर जास्त? कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज? दोन्ही डोळे?

सीवूड्सचा_पाहुणा
नाही हो. फक्त डावा. बुबुळ हलवलं की आतून दुखायचं. डोकं नाही दुखत. तिच्या लक्षात आलं ते असं, की देवापाशी करंडा उघडला तर कुंकू एका डोळ्याने लाल आणि दुसऱ्याने विटकरी. तिला वाटलं कुंकू जुनं झालं.

खारघरचा_चष्मेवाला
मग माझं म्हणणं मागे. रंग असा फिका पडणं आणि हलवताना दुखणं, ही नसेच्या आतल्या सुजेचीच लक्षणं.

ऐरोलीची_११वर्षं
मला एमएस होऊन ११ वर्षं झाली म्हणून बोलते. दादा, ६४ वरून ७८ कधी झालं? स्टेरॉईडने भूक लागते, अंगात पाणी साठतं, पण १४ किलो पाच दिवसांत नाही होत.

सीवूड्सचा_पाहुणा
स्टेरॉईडच्या आधीचंच. बाळंतपणातलं. बाळ साडेतीन महिन्यांचं आहे.

नौपाडेकर
अहो!! हे दहाव्या उत्तरात सांगायचं?

ठाणे_पूर्वचे_आजोबा
अभिनंदन. मुलगा की मुलगी?

सीवूड्सचा_पाहुणा
मुलगी. थँक्यू. मला वाटलं त्याचा काय संबंध.

ऐरोलीची_११वर्षं
त्याचाच संबंध. जरा निवांत वाचा.

गरोदरपणात शरीर बाळाला परकं समजून त्याच्यावर तुटून पडू नये म्हणून प्रतिकारशक्ती जरा नमतं घेते. त्यात एस्ट्रिऑल नावाच्या हार्मोनचाही हात असावा. ते शेवटच्या महिन्यांत खूप चढतं आणि वार पडली की काही दिवसांत तळाला जातं. १९९८ साली युरोपातल्या १२ देशांत एमएस असलेल्या २५४ बायकांवरचा अभ्यास आला. गरोदरपणाआधी एका बाईला वर्षाला सरासरी ०.७ अटॅक (म्हणजे आजार उसळणं), शेवटच्या तिमाहीत ०.२, बाळंतपणानंतरच्या पहिल्या ३ महिन्यांत १.२. त्या बायकांना आजार आधीपासून होता, तुमच्याकडे हा पहिलाच अटॅक, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण डॉक्टर "हार्मोन्सचाही भाग" म्हणाले ना, ते बहुधा हे. पीसीओडीच्या गोळ्यांवर ठपका ठेवण्याइतकं ठोस मला तरी कुठे दिसलेलं नाही.

आता वजन. अमेरिकेत नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात (सुमारे २ लाख ३८ हजार बायका, २००९) १८व्या वर्षी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा जास्त असलेल्यांना पुढे एमएस होण्याची शक्यता दुपटीहून अधिक दिसली. मोठेपणीच्या वजनाशी मात्र असा संबंध सापडला नाही. चरबी नुसती पडून नसते, तिच्यातून लेप्टिनसारखी रसायनं निघतात आणि ती सूज वाढवणाऱ्या पेशींना चेव आणतात. शिवाय ड जीवनसत्त्व चरबीत अडकून राहतं, रक्तात कमी पडतं. १८व्या वर्षी वहिनी कशा होत्या?

सीवूड्सचा_पाहुणा
कॉलेजचे फोटो पाहिलेत. काडी.

ऐरोलीची_११वर्षं
मग आईंना सांगा, लाडवांनी काही झालेलं नाही. वजन उतरवून हा आजार जात नाही. पुढे चालणं, थकवा, साखर, बीपी यासाठी वजन आटोक्यात असलेलं बरं, एवढंच. आता अंगावर पाजतेय, उपाशी ठेवू नका. आणि एक सांगा, तेल-मालिश, कडकडीत पाणी, शेगडी चालू आहे का?

सीवूड्सचा_पाहुणा
रोज. आणि तुम्ही विचारलंत म्हणून: अंघोळीनंतर अर्धा तास डाव्या डोळ्यासमोर बटर पेपर लावल्यासारखं होतं, मग आपोआप जातं. आम्हाला वाटलं अशक्तपणा.

ऐरोलीची_११वर्षं
अंग तापलं की दुखावलेल्या नसेतून संदेश नीट जात नाही, गार झालं की जातो. नवा अटॅक नव्हे. मला मे महिन्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर असंच होतं, तिथेच पायरीवर बसून पाण्याची बाटली मानेवर धरते. पाणी कोमट करा, शेगडी काढा. चोवीस तास उलटूनही अंधुक राहिलं तर मात्र फोन करा.

घोडबंदरचा_भाऊ
ड जीवनसत्त्वाची ६० हजारची पुडी रोज द्या. परदेशात असंच देतात.

नौपाडेकर
रोज?? आपल्याकडे ती आठवड्याला एक देतात, तीही ठराविक आठवडे. रोज घेतली तर कॅल्शियम चढून किडनीला भोगायला लागेल. पाहुणे, यांचं ऐकू नका.

घोडबंदरचा_भाऊ
तुम्ही डॉक्टर का?

नौपाडेकर
नाही, पण मी गुडघ्यांवरून मेंदूवर जात नाही.

कोपरीची_सून
अपंगत्वाचा दाखला काढून ठेवा. २०१६च्या कायद्यात एमएस यादीत आहे. मेडिक्लेमचं आधीच बघा.

सीवूड्सचा_पाहुणा
हे मी विचारलंच नव्हतं. तिला दाखवू नका कुणी.

खारघरचा_चष्मेवाला
शुक्रवारी दोन गोष्टी नक्की विचारा. अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडींची रक्ततपासणी झाली का? एमएससारखेच दिसणारे दोन आजार त्यात कळतात. पहिल्यात एमएसची काही औषधं उलट त्रास वाढवतात. दुसरं, कायमचं औषध सुरू करण्याआधी अंगावर पाजतेय हे स्वतःहून सांगा. टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमॉडसारखी औषधं त्या काळात देत नाहीत. आणि स्टेरॉईडच्या गोळ्या वजनाच्या धास्तीने मध्येच सोडू नका.

सीवूड्सचा_पाहुणा
हे लिहून घेतलं. तीन गोळ्या तिने गादीखाली ठेवल्या होत्या, आत्ता विचारल्यावर काढून दिल्या.

नौपाडेकर
शुक्रवारपर्यंत थांबू नका, आत्ताच क्लिनिकला फोन करा.

सीवूड्सचा_पाहुणा (शनिवार)
फोन तेव्हाच केला होता, गोळ्या कशा घ्यायच्या ते नीट लिहून दिलं. रक्त काल पाठवलं, अँटिबॉडीचे रिपोर्ट यायचेत. मणक्याचाही एमआरआय सांगितलाय. पाजतेय हे त्यांना ठाऊकच नव्हतं, औषध त्यानुसार ठरवू म्हणाले. वजनाचं विचारलं तर म्हणाले सहा महिन्यांनी बोलू, आधी रात्रीची झोप बघा. आता रात्रीचं एक दूध मी बाटलीतून देतो. शेगडी गॅलरीत गेली. आई दोन दिवस गप्प होती, आज सकाळी हिला म्हणाली, "अळीव तरी चालतील का गं?"

ऐरोलीची_११वर्षं
चालतील. रिपोर्ट आले की इथेच लिहा.

घोडबंदरचा_भाऊ
म्हणजे गहू बंद करणार नाही तर.