ब्रेलमधलं बीजगणित: घातांकात घोळ का होतो?

प्रश्न (इयत्ता आठवी):
वर्गात ब्रेल वाचणारी एक विद्यार्थिनी आहे. टेलर फ्रेमवर (अंधांसाठीची आकडेमोडीची पाटी) आकडेमोड उत्तम करते. पण नेमेथ ब्रेलमध्ये (गणितासाठीची ब्रेल पद्धत) उतरवून दिलेल्या सरावपत्रिकेत ‘एक्स वर्ग अधिक एक’ असलं की ती ‘एक्सचा तिसरा घात’ असं वाचते. संकल्पना कच्ची आहे की पत्रिकाच चुकली आहे?

षट्बिंदू:
आधी पत्रिका तपासा. ब्रेल सरळ एका ओळीत चालतं, वर-खाली लिहायची सोय नाही. ब्रेलच्या एका घरातल्या सहा ठिपक्यांना 1 ते 6 असे क्रमांक असतात. म्हणून नेमेथमध्ये घातांकाआधी 4-5 हे ठिपके देतात आणि घातांक संपला की एकटा ठिपका 5 देऊन मूळ ओळीवर परततात. क्रम असा: एक्स, 4-5, दोन, 5, अधिक, एक. तो 5 गाळला की ‘अधिक एक’सुद्धा घातांकातच अडकतं, दोन अधिक एक, तीन. मुलीने समोर होतं तेच अचूक वाचलं.

ती आधी यूईबी (युनिफाइड इंग्लिश ब्रेल, ही दुसरी ब्रेल पद्धत) शिकली आहे का, तेही विचारा. तिथे घातचिन्ह (3-5) फक्त लगतच्या पदाला लागतं, परतीचा ठिपका नसतो. अंकही वेगळे: ‘एक’ म्हणजे यूईबीत ठिपका 1, नेमेथमध्ये ठिपका 2. दोन्ही पद्धतींची सरमिसळ अजिबात नको.

अंशछेद:
फळ्यावर बोलतानाही हीच काळजी घ्या. ‘वर्गमूळात एक्स अधिक एक’ याचे दोन अर्थ निघतात. ‘वर्गमूळ सुरू, एक्स अधिक एक, वर्गमूळ संपलं’ असं म्हणा. अपूर्णांकालाही तसंच. नेमेथ ब्रेल बनवणारे अब्राहम नेमेथ स्वतः जन्मांध आणि गणिताचे प्राध्यापक. गणित मोठ्याने कसं वाचावं याचेही नियम त्यांनी बांधले. आणि ‘हे इकडे नेलं’ म्हणू नका, कुठलं पद कुठे नेलं ते सांगा.

प्रश्नकर्ता:
परतीचा ठिपका सगळीकडे गाळलेला निघाला. पत्रिका दुरुस्त करून घेतो. आलेखांचं काय करावं?

षट्बिंदू:
रबराची चटई, टाचण्या आणि दोरा. निकोलस सोंडर्सन तान्हेपणीच देवीच्या रोगात दृष्टी गमावलेले, 1711 साली केंब्रिजमध्ये गणिताचे ल्युकेशियन प्राध्यापक झाले. भूमितीच्या आकृत्या ते टाचण्यांना दोरा गुंडाळूनच करत. अक्षांना जाड दोरा, आलेखाच्या रेषेला वेगळ्या पोताचा. चौकटीच्या सगळ्या रेषा उठावदार केल्या तर त्यात आलेखच बोटाला सापडत नाही, म्हणून अक्षांवर फक्त खुणा ठेवा. दोन रेषांत किमान 3 मिमी अंतर हवं, नाहीतर त्या एकच भासतात.