मोठ्या बॉक्सिंग लढतीनंतर नवे प्रेक्षक टिकतात की कायमचे जातात?

डावखुरा:
कॉलेजात ६० किलो गटात खेळायचो, आता नुसता बघतो. १६ नोव्हेंबर २०२४, शनिवार सकाळ. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनची लढत: यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल आणि जुना हेवीवेट विश्वविजेता माइक टायसन. टायसनच्या नावावर घरात आठ जण जमले. एरवी यांतलं कुणी बॉक्सिंगकडे फिरकत नाही. दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या, टायसन ५८ वर्षांचा, अख्ख्या लढतीत त्याचे लागलेले ठोसे १८. पाचव्या फेरीत मेव्हणा उठला. म्हणाला, "हेच का तुमचं बॉक्सिंग?"

फार लागलं मला ते. कारण त्याआधी त्याच रिंगमध्ये केटी टेलर आणि अमांडा सेरानो दुसऱ्यांदा एकमेकींशी लढल्या होत्या. सेरानोच्या उजव्या डोळ्यावर खोल जखम, रक्त थांबेना, तरी ती पुढेच येत होती. आठव्या फेरीत डोकं लागतं म्हणून टेलरचा एक गुण कापला. तिन्ही जजेसचा निकाल ९५-९४, टेलरकडे. हे बघायला फक्त मी आणि माझी तेरा वर्षांची भाची. बाकीचे पोह्यांवर होते. आपला भारतीय बॉक्सर नीरज गोयतही त्याच दिवशी जिंकला, तेही कुणी पाहिलं नाही.

मग अशा लढतींनी आपला खेळ वाढतो, की असलेली उत्सुकताही मरते?

बारावी फेरी:
मरते. २ मे २०१५, लास वेगास, फ्लॉइड मेवेदर–मॅनी पॅकियाओ, त्या काळातले दोन सर्वांत मोठे बॉक्सर. पाच वर्षं नुसती बोलणी चालली होती. अमेरिकेत घरी बघायचे पैसे शंभर डॉलरच्या घरात, तरी ४६ लाखांच्या आसपास प्रक्षेपणं विकली गेली. मला ती लढत आवडली. मेवेदर खांदा वळवून ठोसा कसा निसटवतो, हे मी आजही पुन्हा पुन्हा बघतो. पण पहिल्यांदा बघणाऱ्याला तो नुसता पळतोय असंच वाटणार, आणि त्यात त्याची चूक नाही. नंतर कळलं की पॅकियाओचा खांदा आधीच दुखावलेला होता. लोक आणखी चिडले. सप्टेंबरमध्ये मेवेदर आंद्रे बर्टो या बॉक्सरशी लढला, तेव्हा विक्री त्या आकड्याच्या जवळपासही गेली नाही.

तांबडी माती:
मी कोल्हापूरचा, बॉक्सिंग कमी कळतं. पण कुस्तीच्या मैदानात हेच बघत मोठा झालो. शेवटची एक नंबरची जोड लागते, इनाम मोठं, नावं मोठी. दोघंही हरायला भितात. डाव न टाकता नुसती खडाखडी चालते, लोक ओरडतात, "निकाली करा!" आणि संध्याकाळी चार वाजता लागलेल्या पोरांच्या कुस्तीत एखादा असा ढाक डाव मारतो की हलगीवाला वाजवायचा थांबतो. आमच्या घरचे मैदानाला जायचे ते त्या पोरांसाठी. तुमच्या मेव्हण्याला चार वाजता आणायला हवं होतं.

डावखुरा:
तांबडी माती, पटलं. मी सगळ्यांना मुख्य लढतीची वेळ कळवली होती, चूक तिथेच झाली. मेव्हणा त्यानंतर आलाच नाही. भाचीने मात्र त्याच आठवड्यात विचारलं, सेरानो पुन्हा कधी? जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला तिसरी लढत झाली तेव्हा पहाटे तिनेच मला उठवलं. टेलर पुन्हा जिंकली. भाची दिवसभर गप्प होती.

तुमच्याकडे पुढचं मैदान कधी आहे? तिला घेऊन येतो, चारच्या आत.