शेरीफ आणि शरीफ यांचा काही संबंध नाही

मुंबईच्या शेरीफचा म्हणजे नगरपालाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, हा शब्द अरबी 'शरीफ' म्हणजे खानदानी, यावरून आला. ऐकायला छान वाटतं पण तसं नाहीये. जुन्या इंग्रजीत 'शीर' म्हणजे जिल्हा, यॉर्कशायरमधलं शायर तेच, आणि 'गेरेफा' म्हणजे राजाचा कारभारी. यातल्या ग चा उच्चार य सारखा आणि फ चा व सारखा व्हायचा, म्हणजे साधारण शीर-येरेवा, ते भरभर बोलताना मधलं 'ये' गळालं आणि पुढे शेरीफ झालं. राजाचा महसूल गोळा करणं, न्यायसभा भरवणं ही याची कामं, खानदानीपणाचा प्रश्नच नाही.

प्रतिसाद १: नाही पटलं. अ‍ॅडमिरल अरबी 'अमीर' म्हणजे सरदार यावरून आला, मॅगझिन 'मखजन' म्हणजे कोठार यावरून, हे सगळे मानतात, मग शेरीफच तेवढा अस्सल इंग्रजी कसा? आणि मुंबईत दिलीपकुमार, गावसकर अशी नामवंत माणसंच या पदावर नेमली ना, शरीफ म्हणजे अजून काय असतं?

धागाकर्ता: अ‍ॅडमिरलचं बरोबरच आहे, पण काळ बघा की. इंग्लंडचा अरबांशी मोठा संबंध आला तो क्रुसेडमुळे, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धांमुळे. त्यातल्या पहिल्याची हाक १०९५ ची, आणि शीर-गेरेफा हा शब्द नॉर्मन राजा विल्यमने इंग्लंड जिंकलं त्या १०६६ च्याही आधीच्या कागदांत सापडतो. शिवाय गेरेफा 'शीर'शिवायही येतो, याच विल्यमने १०६७ च्या सुमारास लंडनला सनद दिली त्यात तिथल्या अधिकाऱ्याला 'पोर्टगेरेफा' म्हणजे शहराचा कारभारी म्हटलंय, तिथे शरीफ कुठून बसवणार? मुंबईतला मान नंतरचा, अधिकार गेले आणि सन्मान उरला, त्यावरून मूळ नाही ठरत.

प्रतिसाद २: मग शायर म्हणजे आपलं शहर असेल, फारसीतून गेलेलं.

धागाकर्ता: शहर जुन्या फारसीतून आलंय, आपल्या 'क्षत्र'चं भावंड आहे ते. शीर जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातला, पूर्वी त्यात स्क असा उच्चार होता. आवाज जुळला की नातं जोडायचं हे थांबवायला हवं, मनापासून सांगतो.

प्रतिसाद १: काळाचं समजलं, तरी इतके अरबी शब्द इंग्रजीत गेले आणि नेमका शरीफ गेला नाही हे अवघड वाटतं.

धागाकर्ता: गेलाय की! मक्केच्या शरीफांसाठी, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यांसाठी, इंग्रजीत तोच शब्द आहे, १९१६ ला तुर्कांविरुद्ध उठाव केला ते हुसेन मक्केचे शरीफच होते. पण त्याचं स्पेलिंग वेगळं, आणि शेरीफच्या कितीतरी नंतर आलाय तो.