मदत हवी आहे: वॉशिंग मशीनच्या शाफ्टच्या बुशवर चर पडलाय, नवीन सील टिकेल का?

७ किलोचं फ्रंट लोड मशीन, ९ वर्षं जुनं, बोअरचं पाणी. स्पिनला घरघर वाढली, मागे गंजाचे ओघळ दिसले, म्हणून टब उघडला (स्क्रूचा आहे, चिकटवलेला नाही). दोन्ही बेअरिंग गंजलीत. नवीन बेअरिंग (६२०५, ६२०६ नंबरची) आणि पाणी अडवणारं रबरी सील आणलंय. स्पायडरला (ड्रममागचा हातांचा आधार, शाफ्ट त्यालाच असतो) कुठे तडा नाही.

अडचण शाफ्टची. सीलची कड घासते तिथे पितळी बुशवर (शाफ्टवर चढवलेली नळी) नख अडकेल एवढा चर पडलाय. बारीक पॉलिश पेपर मारला, गेला नाही. स्पायडर सुटा मिळत नाही, पूर्ण ड्रमचा खर्च झेपत नाही. आणि सहा महिन्यांत पुन्हा सगळं उघडणं नको आहे.

लेथवर नवीन बुश करून घेतलेलं कुणाचं टिकलंय का? पितळ की स्टेनलेस? की सील किंचित पुढे बसवून कड चराबाहेर घेतली तरी चालेल?