अमेरिकेत जेडीसाठी अर्ज: तिसऱ्यांदा एलसॅट, भारतातील पदवी आणि एक जुनी लेखी ताकीद

प्रश्न – कराराची_पाने

सर्वांना नमस्कार. माझे वय ३४ आहे. भारतात बी.कॉम. झाल्यावर मी अमेरिकेत येऊन अकाउंटिंगमध्ये मास्टर्स केले आणि गेली आठ वर्षे एका कंपनीच्या कम्प्लायन्स विभागात काम करते आहे. एका करारात ‘वाजवी प्रयत्न’ म्हणायचे की ‘सर्वतोपरी प्रयत्न’, यावर आमच्या आणि समोरच्या वकिलांची तासभर चर्चा चालली होती. मी टिपणे घ्यायला बसले होते, पण शेवटी टिपणे बाजूला ठेवून नुसते ऐकत राहिले. जेडी, म्हणजे येथील कायद्याची पदवी, घेऊन कायदा रीतसर शिकायचा, हे त्या दिवशी मनाने घेतले. ग्रीन कार्ड हाती आल्यामुळे आता नोकरी सोडण्याचा विचार करणे शक्य झाले आहे.

पुढच्या वर्षी सुरू होणाऱ्या वर्गासाठी अर्ज करायचे आहेत आणि बहुतेक लॉ स्कूलचे अर्ज नुकतेच खुले झाले आहेत. माझ्या अडचणी अशा आहेत. एलसॅटमध्ये, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेत, जूनला १५९ आणि ऑगस्टला १६२ गुण मिळाले. घरी सराव करताना मात्र १६६ ते १६८ पडतात. तिसऱ्यांदा परीक्षा द्यावी, की जागा हळूहळू भरत जातात म्हणून आहेत त्या गुणांवर लगेच अर्ज पाठवावा? बी.कॉम.ला ६१ टक्के होते. त्याचे येथील जीपीएत (गुणांच्या सरासरीत) रूपांतर कसे होते, आणि ते फार कमी दिसेल का?

तिसरी गोष्ट लिहायला संकोच वाटतो. मास्टर्सच्या पहिल्या सत्रात एका निबंधात मी दोन परिच्छेद संदर्भ न देता उतरवले होते. प्राध्यापकांनी प्रकरण विभागाकडे पाठवले आणि मला लेखी ताकीद मिळाली. गुणपत्रिकेवर त्याचा उल्लेख नाही. हे अर्जात सांगावे लागते का? शिवाय पदवीच्या प्राध्यापकांना मी आता आठवतही नसेन, तेव्हा शिफारसपत्र कोणाकडून घ्यावे? वयाचाही प्रश्न मनात आहेच.

उत्तर १ – तिसऱ्या_वर्षाचा_विद्यार्थी

वयाचे आधी सांगतो, म्हणजे तो विषय मिटेल. माझ्या वर्गात चाळिशी ओलांडलेले सहाध्यायी आहेत, आणि ज्यांनी आधी नोकरी केली आहे त्यांना करार कायद्याच्या तासाला काय चालले आहे ते आमच्या आधी कळते. वयाबद्दल अर्जात स्पष्टीकरण देत बसू नका.

एलसॅटबद्दल मात्र सविस्तर लिहितो. ही परीक्षा घेणारी संस्था, एलएसएसी, गुणांबरोबर एक पट्टाही देते, जो मिळालेल्या गुणांच्या दोन्ही बाजूंना साधारण तीन गुणांचा असतो. म्हणजे तुमचे १५९ आणि १६२ हे एकाच पट्ट्यातले आकडे आहेत, त्यामुळे ‘तीन गुणांनी सुधारले’ किंवा ‘आता यापुढे वाढणार नाहीत’ असा कोणताही निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. विचार करायचा तो सरावातील आणि प्रत्यक्ष परीक्षेतील फरकाचा. सराव करताना तुम्ही तीन विभाग सोडवता की चार? ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स (तर्काच्या कोड्यांचा विभाग) काढून टाकल्यानंतर परीक्षेत लॉजिकल रीझनिंगचे दोन आणि वाचन आकलनाचा एक असे तीन विभाग मोजले जातात, पण प्रत्यक्षात प्रत्येकी ३५ मिनिटांचे चार विभाग सोडवावे लागतात आणि न मोजला जाणारा विभाग कोणता ते त्या वेळी कळत नाही. मी घरी तीनच विभाग सोडवायचो, तेही मध्ये चहा घेऊन. परीक्षेत चौथ्या विभागापर्यंत पोहोचेपर्यंत एकेक उतारा दोनदा वाचावा लागत होता. पुढचे दोन महिने प्रत्येक सराव चार विभागांचा आणि एका बैठकीत केला, फक्त दुसऱ्या विभागानंतरची दहा मिनिटांची सुट्टी घेतली, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे वहीत ‘मी हे उत्तर का निवडले’ हे एका वाक्यात लिहीत गेलो. ती वही भरल्यावर माझ्या चुका दोनच प्रकारच्या आहेत, हे मला दिसले.

त्यामुळे तुम्ही तिसऱ्यांदा परीक्षा द्यावी असे माझे मत आहे, परंतु सरावाची पद्धत न बदलता देऊ नये. पाच वर्षांच्या काळात पाच वेळा आणि आयुष्यात एकूण सात वेळा परीक्षा देता येते, तेव्हा तुम्ही मर्यादेच्या जवळपासही नाही. लॉ स्कूलला तुमचे सगळे गुण दिसतात, पण अमेरिकन बार असोसिएशनला कळवायच्या आकडेवारीत प्रत्येक विद्यार्थ्याचे सर्वोच्च गुण धरले जातात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी भर त्यावरच असतो. जागा हळूहळू भरतात हे खरे आहे, पण नोव्हेंबरच्या गुणांसह गेलेला अर्ज उशिरा गेला असे कोणी म्हणत नाही. अर्ज आधी पाठवून पुढच्या परीक्षेची तारीख त्यात लिहिता येते, मात्र नवे गुण येईपर्यंत अनेक शाळा ती फाइल बाजूला ठेवतात, म्हणून त्या घाईचा फारसा फायदा होत नाही.

उत्तर २ – दोनदा_लिहिलेला_अर्ज

तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठीच मी येथे लिहिते आहे, कारण मी ती चूक केलेली आहे.

मी १९ वर्षांची असताना एका पार्टीत हातात बिअरचा कॅन असल्याबद्दल पोलिसांनी मला नोटीस दिली होती. पुढे प्रकरण रद्द झाले. लॉ स्कूलच्या अर्जात अशा प्रकरणांबद्दल प्रश्न होता, त्यात ‘प्रकरण रद्द झाले असले तरी’ हे शब्द स्पष्ट होते, आणि तरीही एका ओळखीच्या माणसाने ‘रद्द झाले म्हणजे झालेच नाही’ असे सांगितल्यावर मी ‘नाही’ या चौकोनात खूण केली. दुसऱ्या वर्षी राज्याच्या बारकडे, म्हणजे वकिलीचा परवाना देणाऱ्या संस्थेकडे, विद्यार्थी म्हणून नोंदणी करायची वेळ आली, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा समोर आला. या वेळी मी खरे उत्तर लिहिले, आणि मग दोन अर्जांतील दोन वेगळी उत्तरे घेऊन मला डीनच्या कार्यालयात जावे लागले. तेथे बिअरबद्दल मला एकही प्रश्न विचारला गेला नाही. डीननी माझा जुना अर्ज माझ्याकडे फिरवून त्या चौकोनावर पेन्सिल टेकवली आणि ‘ही खूण करताना तुम्ही प्रश्न पूर्ण वाचला होता का?’ एवढेच विचारले. दुरुस्ती दाखल होऊन प्रकरण निकाली निघायला चार महिने लागले. त्या काळात मला नीट झोप लागली नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते की प्रत्येक शाळेचा प्रश्न शब्दशः वाचा. काही शाळा फक्त निलंबन, बडतर्फी किंवा प्रोबेशन यांबद्दल विचारतात, तर काही ‘कोणतीही शिस्तभंगाची कारवाई, तिची नोंद असो वा नसो’ असे विचारतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला तुमचे उत्तर ‘होय’ असेच असले पाहिजे. पहिल्या प्रकारात लेखी ताकीद येते की नाही याची शंका असेल, तर प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारा आणि आलेले उत्तर जपून ठेवा. पुढे बारचा प्रश्न शाळेच्या प्रश्नापेक्षा व्यापक असू शकतो आणि बारकडून तुमचा लॉ स्कूलचा अर्ज मागवला जाऊ शकतो, हे गृहीत धरूनच लिहा.

लिहिण्याआधी एक काम करा. १९७४ च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक नोंद पाहण्याचा हक्क दिला आहे आणि विनंतीनंतर ४५ दिवसांच्या आत विद्यापीठाने ती दाखवायची असते. तुमच्या विभागाकडे त्या प्रकरणाची काय नोंद आहे, तिथे ‘ताकीद’ हा शब्द आहे की दुसरा काही, हे पाहून मगच निवेदन लिहा, म्हणजे तुमची आठवण आणि त्यांचा कागद यांत फरक राहणार नाही.

कराराची_पाने

दोघांचेही मनापासून आभार. विभागाला नोंदीसाठी आजच पत्र पाठवले. तुमचा अंदाज बरोबर होता, मी तीनच विभागांचा सराव करत होते. निवेदनाचा एक मसुदा काल रात्री लिहिला. भारतात आम्हाला संदर्भ देण्याची पद्धत शिकवली जात नव्हती, वर्षाच्या शेवटी पाठ केलेले उत्तर लिहायचे एवढेच माहीत होते, असे मी त्यात लिहिले आहे. हे खरे आहे, पण वाचताना सबब सांगितल्यासारखे वाटते. ठेवावे की काढावे?

उत्तर ३ – दोनदा_लिहिलेला_अर्ज

एक वाक्य ठेवा, पण त्याची जागा बदला. आधी काय केले, केव्हा केले आणि विभागाने काय निर्णय दिला हे सरळ लिहा. ‘माझ्याकडून उतारे संदर्भाविना वापरले गेले’ असे नव्हे, ‘मी वापरले’ असे लिहा. त्यानंतर पार्श्वभूमीचे ते वाक्य येऊ द्या, आणि पुढे त्या ताकिदीनंतर तुम्ही कामाची कोणती पद्धत बदलली ते सांगा. अर्ध्या पानापेक्षा जास्त नको. वाचणाऱ्याला तुमचा पश्चात्ताप मोजायचा नसतो, नेमके काय घडले हे विनासायास कळायला हवे असते. आणि हा मजकूर स्वतंत्र पुरवणीत द्या, पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःविषयीच्या निबंधात, त्याला जागा देऊ नका.

पर्सनल स्टेटमेंटसाठी तुमच्याकडे सामग्री आधीच आहे. ‘वाजवी प्रयत्न’ आणि ‘सर्वतोपरी प्रयत्न’ यांवरची ती चर्चा, बाजूला ठेवलेली टिपणे आणि त्यानंतर तुम्ही काय वाचायला घेतले, यावर दोन पाने सहज होतील. लहानपणापासून न्यायाची ओढ होती वगैरे लिहायच्या मोहात पडू नका.

उत्तर ४ – परदेशी_गुणपत्रिका

भारतातील पदवी आणि शिफारसपत्रे यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मीही त्याच मार्गाने आलो.

६१ टक्क्यांचा जीपीए होत नाही. एलएसएसीची क्रेडेन्शियल असेंब्ली सर्व्हिस परदेशी पदवीचे मूल्यमापन करून उत्कृष्ट, सरासरीहून वर, सरासरी आणि सरासरीहून खाली अशा चार श्रेणींपैकी एक देते. तुमच्या मास्टर्सचे गुण फाइलमध्ये दिसतील, परंतु एलएसएसीचा जीपीए फक्त पहिल्या पदवीवरून काढला जातो, म्हणून त्यांचाही आकडा बनणार नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की शाळेच्या जाहीर होणाऱ्या मध्यक जीपीएवर तुमच्यामुळे काहीच परिणाम होत नाही आणि एलसॅटचे वजन वाढते. तिसऱ्या प्रयत्नाच्या बाजूने हे आणखी एक कारण झाले.

खरी काळजी वेळेची करा. गुणपत्रिका विद्यापीठाकडूनच थेट एलएसएसीकडे जावी लागते, तुमच्याकडे असलेली प्रत चालत नाही. माझ्या बाबतीत विद्यापीठाच्या परीक्षा विभागात माझ्या भावाला तीन वेळा जावे लागले आणि पहिले पाकीट बंद जागेवर शिक्का नसल्यामुळे पुन्हा करून घ्यावे लागले. ते काम या आठवड्यातच सुरू करा, एलसॅटचा अभ्यास त्याच्यासाठी थांबवावा लागत नाही.

शिफारसपत्रासाठी आठ वर्षांच्या अनुभवानंतर वरिष्ठांचे पत्र पूर्णपणे चालते. पदापेक्षा तुमचे लिखाण कोणी वाचले आहे याला महत्त्व द्या. कंपनीच्या उपाध्यक्षांनी लिहिलेल्या चार गोड ओळींपेक्षा, तुमचे अहवाल लाल शाईने दुरुस्त करणाऱ्या वकिलाचे पत्र कितीतरी मोलाचे ठरेल. एखादी शाळा शैक्षणिक पत्राचा आग्रह धरत असेल, तर मास्टर्सच्या प्राध्यापकांना लिहा.

उत्तर ५ – कर्जाचा_हिशेब

कोणी पैशांबद्दल बोलले नाही म्हणून लिहिते. २०२५ च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचे केंद्र सरकारचे कर्ज मिळत नाही, आणि कायद्यासारख्या व्यावसायिक पदवीसाठी केंद्र सरकारच्या कर्जाला वर्षाला ५०,००० डॉलर व एकूण २,००,००० डॉलर अशी मर्यादा आहे. ग्रीन कार्डामुळे हे कर्ज तुम्हाला मिळू शकते, परंतु महागड्या शाळांचा पूर्ण खर्च त्यात बसत नाही. तेव्हा बंधनकारक अर्ली डिसिजनचा, म्हणजे प्रवेश मिाल्यास त्याच शाळेत जाण्याचे आधीच कबूल करणारा, अर्ज करू नका, कारण एकदा तो स्वीकारला गेला की दुसऱ्या शाळेची शिष्यवृत्ती दाखवून बोलणी करण्याची संधी हातून जाते.

प्रत्येक मान्यताप्राप्त शाळा दरवर्षी डिसेंबरमध्ये ‘स्टँडर्ड ५०९’ अहवाल जाहीर करते. त्यात एलसॅटचे २५, ५० आणि ७५ व्या शतमकाचे आकडे सगळेच पाहतात. तुम्ही त्याबरोबर अटींच्या शिष्यवृत्त्यांचा तक्ताही उघडा. ठरावीक गुण राखण्याच्या अटीवर किती जणांना शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यांतील किती जणांची ती कमी झाली किंवा गेली, हे तेथे आकड्यांत असते. पहिल्या वर्षाचे गुण सहसा वर्गाच्या तुलनेत दिले जातात, त्यामुळे सगळ्यांनी कितीही अभ्यास केला तरी काही जण अटीच्या खाली जाणारच, आणि मार्चमध्ये हाती पडणाऱ्या अभिनंदनाच्या पत्रात हे ठळकपणे लिहिलेले नसते. नोकऱ्यांचा अहवाल वेगळा असतो. त्यात पदवीनंतर दहा महिन्यांनी पूर्णवेळ, दीर्घकालीन आणि बार परीक्षा आवश्यक असलेल्या नोकरीत किती जण आहेत, तोच रकाना वाचा.

कराराची_पाने

नोव्हेंबरच्या परीक्षेसाठी नाव नोंदवले. भारतातील गुणपत्रिकेचे काम माझ्या चुलत बहिणीने अंगावर घेतले आहे, आणि शिक्का पाकिटाच्या बंद जागेवरच हवा हे तिला दोनदा सांगितले. आमच्या वकिलांना शिफारसपत्राबद्दल विचारले तेव्हा त्यांनी माझे दोन जुने अहवाल पुन्हा वाचायला मागून घेतले. एकच शंका उरली आहे. विभागाकडून नोंद यायला ४५ दिवस लागले तर एखाद्या शाळेचा अर्ज त्याआधी पाठवावा का?

उत्तर ६ – दोनदा_लिहिलेला_अर्ज

नोव्हेंबरचे गुण येईपर्यंत तुम्ही तसेही थांबणार आहात, त्यामुळे ४५ दिवस त्यातच निघून जातील. तरीही नोंद आली नाही, तर आठवते तसे लिहा, विभागाकडे अमुक तारखेला नोंद मागितली असून ती आल्यावर आवश्यक असल्यास दुरुस्ती कळवीन असे शेवटी नमूद करा, आणि ती आल्यावर कळवा. अर्जातील माहिती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी अर्ज पाठवल्यानंतरही अर्जदारावर असते. त्या विनंतीपत्राची पोच मात्र फाइलला लावून ठेवा.