बेटावर गाडीनं चक्कर मारलीय का कुणी? सांगा की (अनुभव धागा)

फडकरी
काल शिये फाट्याला उसाच्या ट्रॉल्यांमागं पाऊण तास अडकलो. पुढं ट्रॉलीवर फुल्ल आवाजात गाणी, वर मळीचा वास. बायको म्हणाली, "मॉरिशस आठवलं बघा." धागा त्यामुळं.

दोन वर्षांखाली मी, ही, पोरगी आणि आमचे आप्पा, भाड्याची गाडी घेऊन सहा दिवस फिरलो. बेट ६५ किलोमीटर लांब, ४५ रुंद. रुंदी म्हणजे जवळपास कोल्हापूर-सांगली. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडनं, त्यामुळं भीती नव्हती. घोळ झाला सर्कलला. चौक दिसला की सर्कल. पहिल्याच दिवशी एकाला तीन फेऱ्या मारल्या, तर मागनं आप्पा, "प्रदक्षिणाच घालायची हुती तर अंबाबाईला घातली असती, इमानाचं पैसं वाचलं असतं."

लोक तिथं समुद्र बघाय जातात. आप्पांनी ढुंकून बघितला नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस बघून "थांबीव" म्हणाले आणि चप्पल काढून थेट सरीत. पाला सोलून कांड्या मोजल्या. तिथं एक म्हातारा काम करत होता, त्याला मराठीत, "लागण का खोडवा?" (म्हणजे नवा लावलेला, का तोडल्यावर बुडख्यातनं फुटलेला). तो तिथल्या क्रिओल भाषेत काहीतरी बोलला. दहा मिनिटं दोघं बोलत होते, कुणाला काय कळलं देव जाणे. त्यानं एक ऊस मोडून दिला. आप्पांनी दातानं सोलून खाल्ला आणि आपल्याकडच्या उसाच्या जातीचं नाव घेऊन निकाल दिला, "८६०३२ ची सर न्हाई."

त्याच फडात मधोमध काळ्या दगडांचे ढीग होते, घराएवढे. ज्वालामुखीचं बेट, जमीन सगळी दगडाची. ऊस लावायचा म्हणून माणसांनी हातानं वेचून रचलेले. १८३४ पासनं आपल्याकडनं करार करून मजूर नेले, त्यांचेही हात त्यात. हे सांगितल्यावर आप्पा गप्प. आमचा माळ त्यांनी आणि आजीनं असाच पाटीनं दगड वाहून केलेला. संध्याकाळपर्यंत काय बोलले नाहीत.

तुमचं सांगा. कुठलंबी बेट चालेल.

रंकाळ्याची_राणी
खायला काय मिळालं ते लिहिलंच नाही 😄

फडकरी
ढोल पुरी. वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, रस्त्याकडेला जोडीनं देतात, वर रस्सा आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून. ही म्हणाली पुरणपोळीत गूळ घालायचा विसरलाय. तरी रोज दोन जोड्या खायची.

भडंग_किंग
आम्ही श्रीलंका. एल्लाचा नऊ कमानींचा पूल, सिगिरियाची चढण, सगळं बघितलं, पण ध्यानात काय राहिलं तर पावाची रिक्षा. सकाळी सकाळी बीथोव्हनची धून वाजवत गल्लीत येते! मला वाटलं आपल्यासारखी कचऱ्याची गाडी आली. मी बादली घेऊन बाहेर 🤦 रिक्षावाला बादलीकडं बघतोय, मी बनपावाकडं.

रंकाळ्याची_राणी
बादलीभर घ्यायचे मग

पन्हाळकर_मास्तर
मॉरिशसला मराठी माणसं आहेत हे लिहायला हवं होतं. कोकणातून गेलेल्यांचे वंशज. आपल्या जाखडी नाचाचं त्यांच्याकडे झाकरी झालंय, आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते.

फडकरी
मास्तर, भेटली की! गंगा तलावाला. १०८ फुटी महादेव बघून मान दुखली म्हणून बसलो होतो, शेजारच्या मावशी आमचं ऐकून म्हणाल्या, "तुमी मराठी?" पुढं त्यांचं मराठी संपलं, मग नुसतं हसणं. जाताना हिच्या हातात दोन केळी दिली.

शिवाजीपेठ_एक्सप्रेस
पोरगं तिकडं शिकतंय, त्यानं आइसलँडचा रिंगरोड केला. तेराशेच्या वर किलोमीटर. फोटो पाठवले तर सगळ्या फोटोत मेंढरंच. म्हटलं बाळा हे बघायला लाख रुपये? कागलला आला असतास तर धनगरानं फुकट दाखवली असती

गृहिणी_बिझी
कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. अंदमान. बाराटांगला जाताना जारवा आदिवासींच्या जंगलातून गाड्या ताफ्यानं सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. आमच्या ह्यांना नेमकं तिथंच लघवीला लागली. ड्रायव्हर म्हणे साहेब कंट्रोल. पुढचा सगळा रस्ता ह्यांनी जप केला. मी काय झाडं बघितली नाहीत, ह्यांचं तोंडच बघत होते. झाली शिट्टी, येते

भडंग_किंग
@गृहिणी_बिझी 😂😂 पोचले का वेळेत?

चटणी_स्पेशल
विषय सोडून विचारतो. विमानात कांदा-लसूण चटणी कशी नेता? आमची बॅगेत फुटली, सगळ्या कपड्यांना वास. सहा दिवस मिसळीसारखा फिरलो.

रंकाळ्याची_राणी
दोन पिशव्या, वर डबा, डब्याला चिकटपट्टी. तेल कमी असलेली न्या.

चटणी_स्पेशल
तेल कमी म्हणजे चटणी नव्हे ओ

गृहिणी_बिझी
@भडंग_किंग पोचले. डाळ मात्र लागली.

पन्हाळकर_मास्तर
फडकरी, आप्पा आता कसे आहेत?

फडकरी
ठणठणीत. आत्ता बांधावर आहेत, तोड आलीय. तोडकऱ्यांना मॉरिशसच्या उसाचं सांगत बसलेत. दरवेळी कांडं दोन बोटं बारीक होतं.