विद्यापीठाचा ऑनलाइन ताण-व्यवस्थापन कार्यक्रम तिसऱ्या आठवड्यात सुटला. पुन्हा सुरू करावा का?

शेवंती (प्रश्न)

नमस्कार. मी एका राज्य विद्यापीठात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असून वसतिगृहात राहते. प्रकल्पाचे प्रयोग, सत्र परीक्षा आणि डिसेंबरमधील नेट ही पात्रता परीक्षा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी समोर आल्यामुळे गेले दोन महिने झोप नीट लागत नाही आणि मेसमध्ये ताटासमोर बसले तरी जेवण जात नाही.

आमच्या विद्यापीठाने सर्व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आठ आठवड्यांचा ऑनलाइन कार्यक्रम सुरू केला आहे. दर आठवड्याला एक चित्रफीत, श्वसनाचा सराव आणि शेवटी आपले विचार लिहून भरायचा एक तक्ता असे त्याचे स्वरूप आहे. सुरुवातीच्या दहा प्रश्नांत मला ४० पैकी २७ गुण मिळाले आणि पडद्यावर लाल अक्षरांत ‘तीव्र ताण’ असे उमटले. ते पाहून मी अधिकच घाबरले. तिसऱ्या आठवड्यातला विचारांचा तक्ता भरताना माझे काम अडले, कारण सगळे इंग्रजीत होते आणि मी जे लिहीत होते ते माझे वाटतच नव्हते. त्यानंतर मी तो उघडलेला नाही. आता विभागाने पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मागितले असून त्यावर अंतर्गत गुणांपैकी काही गुण ठेवले आहेत.

अशा कार्यक्रमांचा खरोखर उपयोग होतो का, अर्धवट सुटलेला कार्यक्रम पुन्हा धरावा का, आणि मी तिथे लिहिलेले माझ्या विभागातील कोणी वाचू शकते का, हे जाणकारांनी सांगावे.

उंबरठा

शेवंती, मी गेली चौदा वर्षे महाविद्यालयात समुपदेशक म्हणून काम करते. सर्वप्रथम त्या लाल अक्षरांविषयी. दहा प्रश्न आणि ४० गुण या वर्णनावरून ती शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये मांडलेल्या ताण-प्रश्नावलीची छोटी आवृत्ती दिसते. गेल्या महिन्याभरात परिस्थिती आपल्या आवाक्याबाहेर गेल्यासारखी किती वेळा वाटली, एवढेच ती मोजते. ती निदान करत नाही. परीक्षेच्या तोंडावर २७ गुण येणे म्हणजे तुम्हाला एखादा आजार झाला आहे असे मुळीच नव्हे, आणि हे वाक्य त्या पडद्यावरच लिहिलेले असायला हवे होते.

उपयोगाबद्दल प्रामाणिक उत्तर असे की उपयोग होतो, पण तो माफक असतो. विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीच्या अशा इंटरनेट कार्यक्रमांच्या ४८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ताण, चिंता आणि नैराश्य या तिन्हींवर परिणाम दिसला, मात्र तो सरासरीने लहान होता. अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण ही या क्षेत्रातली जुनी अडचण आहे, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात थांबल्याचा अपराधभाव तुम्ही बाळगू नये. माझ्या अनुभवात, पलीकडच्या बाजूला कोणी माणूस असला, म्हणजे आठवड्यातून एकदा दोन ओळींचे का होईना उत्तर लिहिणारे कोणी असले, की मुले टिकतात. नुसत्या चित्रफिती आणि प्रमाणपत्र एवढेच असले, तर पुढचे बटण दाबत जाण्यापलीकडे फारसे काही घडत नाही.

आता तुम्ही जिथे अडलात त्या तक्त्याकडे येते, कारण माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमाचा गाभा तोच आहे. या तक्त्यामागे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आणि पुढे एरन बेक यांनी विकसित केलेली बोधात्मक पद्धती उभी आहे. महाराष्ट्रात एलिस यांचा विचार डॉ. कि. मो. फडके यांनी रुजवला. प्रसंग आणि त्यानंतरची आपली भावना यांच्यामध्ये एक विचार असतो, तो पकडायचा आणि तपासायचा, अशी ही रीत आहे. पण तो विचार आपल्याला ज्या भाषेत येतो त्याच भाषेत तो पकडावा लागतो. मराठीत तर आग्रह एका अक्षरात मावतो. ‘या वेळी नेट निघावी अशी माझी फार इच्छा आहे’ आणि ‘या वेळी नेट निघालीच पाहिजे’ ही दोन वाक्ये सावकाश म्हणून पाहा. पहिल्यातून काळजी निर्माण होते आणि ती अभ्यासाला बसवते. दुसऱ्यातल्या ‘च’मुळे न निघण्याची शक्यताच असह्य होते, आणि मग पुस्तक उघडताना हात थरथरतो. इंग्रजीत भाषांतर करताना नेमका हा ‘च’ गळून पडतो आणि तक्त्यात उरते ते एक सभ्य, परके वाक्य. आपले लिखाण आपले वाटत नव्हते, हे तुमचे निरीक्षण म्हणूनच मला फार महत्त्वाचे वाटते.

तेव्हा माझा सल्ला असा की चित्रफीत इंग्रजीत पाहावी, पण तक्ता वहीत मराठीत भरावा, आणि तोही घरी आईशी बोलता त्या बोलीत. प्रसंग कोणता होता, त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले, त्यानंतर शरीराला आणि मनाला काय झाले, आणि त्या वाक्याला पुरावा काय, एवढे चार रकाने पुरेत. एका बैठकीत एकच प्रसंग घ्यावा. मराठीत ऐकायचे असल्यास ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेच्या ‘आवाहन’ या यूट्यूब वाहिनीवर या विषयावरची भरपूर व्याख्याने आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. झोप आणि भूक दोन महिने बिघडलेली असल्यास केवळ ऑनलाइन पाठांवर विसंबू नये. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात किंवा समुपदेशकाकडे प्रत्यक्ष जावे. जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील, तर पाठ बाजूला ठेवून त्याच क्षणी जवळच्या व्यक्तीला सांगावे आणि १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा क्रमांक फिरवावा. ही शासनाची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून ती चोवीस तास, निःशुल्क आणि मराठीतही उपलब्ध आहे.

पाणवठा

मी मूळचा लातूरचा असून सध्या जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. इथे स्टुडिकेअर या नावाने विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षणे आहेत, आणि त्यांतील ताणावरच्या प्रशिक्षणाची १५० विद्यार्थ्यांवर घेतलेली चाचणी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्या प्रशिक्षणाचा एक विचार मला रोजच्या उपयोगाचा वाटतो. ताणाची कारणे आधी दोन भागांत विभागायची: सोडवता येतील अशी आणि सोडवता न येणारी. पहिल्यांसाठी पायरीपायरीने उपाय आखायचा, दुसऱ्यांसाठी आपल्या भावना सांभाळायला शिकायचे. शेवंती, तुमच्या प्रश्नात दोन्ही प्रकार मिसळलेले दिसतात. प्रयोगशाळेतील उपकरणाची वेळ मिळत नसेल, तर त्यावर श्वसनाचा सराव हा उपाय नव्हे. तिथे गाईडशी बोलून वेळापत्रक बदलून घ्यावे लागते. नेटचा कटऑफ किती लागेल, हे मात्र तुमच्या हातात नाही.

त्या प्रशिक्षणात विद्यार्थ्याला हवे असेल तेव्हा मार्गदर्शकाकडून लेखी प्रतिसाद मागवता येत असे. तुमच्या कार्यक्रमात अशी सोय एखाद्या कोपऱ्यात आहे का, हे अवश्य तपासावे. अनेकदा ती असते आणि कोणी वापरत नाही.

दीपमाळ

मी विद्यापीठात अध्यापन करतो, म्हणून गुण आणि गोपनीयता यांविषयीच लिहितो.

ताण कमी करण्यासाठीच्या उपक्रमाला गुण जोडणे मला मान्य नाही, कारण त्यामुळे ताणाच्या यादीत आणखी एका मुदतीची भर पडते आणि विद्यार्थी खरे लिहिण्याऐवजी अपेक्षित ते लिहू लागतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम २३ने व्यक्तीला मानसिक आरोग्याविषयीच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तथापि, एखादा कार्यक्रम उपचार म्हणून नव्हे तर प्रशिक्षण म्हणून चालवला जात असेल, तर आपला मजकूर कोठे साठतो आणि कोणाला दिसतो, हे गृहीत न धरता लेखी विचारणेच योग्य ठरेल. विभागाला केवळ ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ एवढेच कळते, की प्रश्नावलीचे गुण आणि तक्त्यातील वाक्येही दिसतात, हा नेमका प्रश्न विभागप्रमुखांना ई-मेलने पाठवावा.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजीच्या निकालात शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली असून शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे त्यात म्हटले आहे. ऑनलाइन कार्यक्रम विकत घेतला म्हणून हे कर्तव्य पूर्ण होत नाही. आपल्या विद्यापीठात तो समुपदेशक कोठे बसतो, हेही त्याच पत्रात विचारावे.

कडुनिंब

दीपमाळ सर, सक्तीविषयी मी थोडी वेगळी बाजू मांडते. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असा कार्यक्रम सक्तीचा नसता, तर मी तो कधीच उघडला नसता. ‘हिला काहीतरी झाले आहे’ असे मैत्रिणी म्हणतील, याची मला भीती होती; सगळ्यांनाच करायचा असल्यामुळे ती भीती उरली नाही. पहिला पाठ सर्वांना द्यावा आणि त्यापुढचे ऐच्छिक ठेवावेत, असे मला वाटते. गुण नसावेत, हे मात्र मान्य.

दीपमाळ

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पहिल्या पाठापुरती सक्ती असावी, हे पटते.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. उंबरठा ताई, तुमचे उत्तर वाचल्यावर काल रात्री वही काढली आणि मराठीत लिहायला बसले. पहिल्याच प्रसंगात माझ्या वाक्यात तीन ‘च’ निघाले: ‘मलाच जमत नाही, बाबांना तोंड दाखवताच येणार नाही, हे वर्ष वायाच गेले.’ पुराव्याच्या रकान्यात तिसऱ्या वाक्यासमोर काहीच लिहिता आले नाही, कारण ऑगस्टमध्ये माझ्या दोन संयुगांचे संश्लेषण यशस्वी झाले आहे, ही नोंद माझ्याच प्रयोगवहीत आहे. बाबांविषयीच्या वाक्यासमोरही पुरावा नव्हता, पण ते वाक्य अजून तसेच टोचते.

जगणे नकोसे वाटण्यासारखे विचार माझ्या मनात नाहीत, तरीही झोपेसाठी आरोग्य केंद्रात उद्या सकाळची वेळ घेतली आहे. विभागप्रमुखांना पाठवायचा ई-मेल लिहून ठेवला असून त्यात गोपनीयतेचा आणि समुपदेशकाचा असे दोनच प्रश्न आहेत. तिसरा पाठ रविवारी पुन्हा उघडणार आहे आणि त्यासाठी मंगळवारची गाईडसोबतची बैठक हा प्रसंग निवडला आहे. ताई, एका प्रसंगात दोन-तीन विचार एकदम आले, तर आधी कोणता घ्यावा?

उंबरठा

जो लिहिताना हात थांबला, तो. बाबांविषयीचा.